पाय नको म्हणतोय

सकाळी उठवायला गेले तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसलेला होता. उजवे पाऊल जमिनीला टेकलेले होते आणि डावा पाय मात्र गुडघ्यात थोडा वाकवून, बाहेरच्या बाजूला सैल सोडून, त्याने अधांतरी धरला होता. एरवी डोळे उघडल्याबरोबर न्हाणीघराकडे पळणारे साडेचार वर्षांचे मूल एवढे स्तब्ध का बसले आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला, तेव्हा तो म्हणाला, "आई, पाय नको म्हणतोय."

गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडण्याचा तो दिवस होता. सांगलीत संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते, आणि आदल्या आठवड्यात त्या मिरवणुकीत तो आपल्या बाबांच्या खांद्यावरून उतरून ढोलाच्या तालावर मनसोक्त नाचला होता. त्यानंतर सर्दी झाली, दोन दिवस नाक वाहिले, एक रात्र अंग कोमट लागले आणि सगळे आपोआप निवळले. त्यामुळे त्या सकाळी माझ्या मनात दोनच शक्यता आल्या: एकतर नाचताना पाय मुरगळला असावा, नाहीतर शाळा बुडवण्यासाठी हे सोंग असावे. मी दुसरी शक्यता खरी धरली, त्याला रागावले आणि शाळेचे बूट चढवले. तो भिंतीचा आधार घेत दारापर्यंत चालला. ते चालणे मी पाहिले त्याआधी ऐकले, कारण मी पाठमोरी डबा भरत होते. एक पाऊल नीट, पूर्ण पडत होते आणि दुसरे टेकते न टेकते तोच उचलले जात होते. लहान मूल सोंग करते तेव्हा ते सोंग बघणाऱ्याच्या नजरेसाठी असते. मी बघत नसतानाही ती पावले तशीच पडत होती. मी वळले, बूट काढले आणि त्याला कडेवर घेतले. त्या दहा मिनिटांच्या रागावण्याची आठवण आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

कुठे दुखते असे विचारले की तो न चुकता गुडघ्यावर हात ठेवायचा. म्हणून आम्ही जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. तिथे गुडघा तपासला गेला, गुडघ्याचा एक्स-रे काढला गेला, त्यात काही निघाले नाही आणि मुका मार असेल, तेल लावून चोळा, पट्टी बांधा, असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. कोणी त्याला चालायला लावले नाही, आणि गुडघ्याच्या वर काय आहे तेही कोणी पाहिले नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी तेल कोमट केले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळांना अंघोळी घालणारे ते हात आहेत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. त्यांनी तळव्याने गुडघा दाबून पाहिला, दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहिला, वाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "गुडघा गार आहे, सूज नाही, दाबल्यावर पोर कळवळतही नाही. दुखणं इथलं नव्हे. नाही चोळायची मी." शेजारच्या काकूंनी पाय ओढून बसवणाऱ्या एका हाडवैद्याचे नाव सुचवले होते, तिकडेही आईंनीच जाऊ दिले नाही. त्यांनी त्या संध्याकाळी जे ओळखले होते त्याचे शास्त्रीय कारण मला दुसऱ्या दिवशी कळले. खुब्याच्या सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या नसांपैकी एकीची शाखा मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत जाते, त्यामुळे खुबा दुखत असतानाही मुलाला गुडघा किंवा मांडी दुखते आहे असे खरोखरच वाटते. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासावा, हा बालअस्थिरोगाचा अगदी पहिला धडा आहे. तो मला, एका आईला, माहीत नसणे समजू शकते. दवाखान्यात तो माहीत असायला हवा होता.

आमच्या भागात मोठे दुखणे म्हटले की मिरज. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला एका बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी टेबलावर निजवण्याच्या आधी मुलाचे कपडे उतरवायला सांगितले आणि फक्त चड्डीवर त्याला बाहेरच्या लांब ओसरीत चालायला लावले. एक फेरी येताना, एक जाताना. ते स्वतः खाली उकिडवे बसून पाहत होते. मग आत आणून त्यांनी पाठीचा कणा, पोट, जांघा, मानेतल्या गाठी असे सगळे हातांनी चाचपले, आणि ज्या पायासाठी आम्ही आलो होतो तो शेवटी घेतला. तोही कसा, तर मुलाला उताणे निजवून, पाय सरळ ठेवून, मांडीवर उघडा तळवा ठेवला आणि पोळी लाटावी तसा पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. उजवा पाय लाटण्यासारखा सहज फिरला. डावा बाहेरच्या बाजूला वळला, पण आत वळवताना थोड्याच अंतरावर थबकला, मुलाच्या भुवया आक्रसल्या आणि त्याचा हात आपोआप डॉक्टरांच्या मनगटावर गेला. ते लगेच थांबले. "गुडघा नाही, खुबा आहे," एवढेच म्हणून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

ते प्रश्न मी नंतर जसेच्या तसे लिहून ठेवले. गेल्या दोन आठवड्यांत सर्दी, खोकला किंवा जुलाब झाले होते का? ताप किती होता आणि कशाने मोजला? रात्री दुखण्याने झोपेतून उठतो का? वजन घटले आहे का, चेहरा पांढुरका पडला आहे का, अंगावर मार न लागता काळे-निळे डाग उमटतात का? घरात कोणाला महिन्या-दोन महिन्यांचा खोकला आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून आमच्या पोटात गोळा आला, कारण तो क्षयासाठी होता. खुब्याचा क्षय आपल्याकडे आजही दिसतो. तो हळूहळू, आठवड्यांच्या-महिन्यांच्या चालीने येतो आणि रात्री स्नायू सैल पडले की मूल झोपेत किंचाळून उठते. त्याआधीचे प्रश्न रक्ताच्या कर्करोगासाठी होते, कारण काही मुलांत त्याची सुरुवात नुसत्या लंगडण्याने होते. प्रत्येक प्रश्नामागे एकेक भयंकर आजार उभा होता आणि आमच्या प्रत्येक "नाही"बरोबर तो मागे सरत होता. त्या खोलीत निदान असे घडत गेले. ज्याला आम्ही शेवटी पोहोचलो त्या आजाराची स्वतःची अशी ठसठशीत खूण नाही. इतर सगळ्यांना दारातून परत पाठवल्यानंतर जो उरतो, तो हा.

त्याचे नाव ट्रान्झिएंट सायनोव्हायटिस, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा तात्पुरता दाह. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसलेला असतो, त्याभोवती एक चिवट पिशवी असते आणि त्या पिशवीला आतून मऊ अस्तर असते. हे अस्तर सांध्याला वंगण पुरवते. या आजारात अस्तराला सूज येते, पाझर वाढतो आणि बंद पिशवीत पाणी साठून ती ताणली जाते. दुखते ते या ताणामुळे. पाय थोडा वाकवून बाहेरच्या बाजूला वळवला की त्या पिशवीत सर्वांत जास्त जागा होते आणि ताण कमी होतो. हे ऐकले आणि मला पलंगाच्या कडेवर बसलेले ते मूल पुन्हा दिसले. त्याला कोणी शिकवले नव्हते, तरी आपल्या सांध्याला नेमकी कुठे मोकळीक मिळते हे त्याने शोधून काढले होते, आणि त्यालाच मी सोंग म्हटले होते.

हा आजार साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांत होतो, मुलींपेक्षा मुलग्यांत सुमारे दुपटीने, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. पुष्कळदा आधी सर्दी-खोकल्यासारखा एखादा विषाणूजन्य आजार होऊन गेलेला असतो, म्हणून त्या विषाणूशी शरीराने दिलेल्या झुंजीचा हा मागे राहिलेला पडसाद असावा असे मानतात. नेमके कारण मात्र वैद्यकाला अजून ठरवता आलेले नाही. मिरवणुकीतल्या नाचण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही मुलांच्या प्रत्येक दुखण्याला आपण आदल्या दिवशीची एखादी उडी किंवा पडणे चिकटवतो, आणि साडेचार वर्षांचे मूल रोजच कुठे ना कुठे पडत असल्यामुळे ती सबब नेहमीच हाताशी असते.

या आजाराची जुनी हकिगत मला फार हलवून गेली. एकोणिसाव्या शतकात मुलाचा खुबा दुखू लागला की क्षयाचीच भीती धरली जाई आणि मुलांना महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवले जाई. 1892 साली बोस्टनच्या रॉबर्ट लव्हेट आणि जॉन मोर्स या दोन डॉक्टरांनी लिहिले की खुब्याच्या आजाराचा एक तात्पुरता, अल्पजीवी प्रकारही असतो, तो थोड्याच काळात मागमूस न ठेवता बरा होतो. (हेच लव्हेट पुढे 1921 साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पोलिओचे निदान करण्यासाठी बोलावले गेले.) त्यापूर्वी किती मुलांनी आपोआप बरे होणाऱ्या दुखण्यासाठी बालपणाचे महिने खाटेवर काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता त्या एका शत्रूबद्दल, ज्याच्यामुळे हे साधे दुखणे कधीच साधे मानता येत नाही. सांध्यात पाणी साठते तसा पूही साठू शकतो. जंतू रक्तावाटे खुब्यात शिरले तर सुरुवातीला दिसते ते जवळजवळ हेच: लंगडणे, पाय न हलवू देणे, चिडचिड. पण पू झाला असेल तर कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, काही दिवसांत कुरतडली जाते, आत दाब वाढून हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि मूल जन्मभरासाठी अधू होऊ शकते. तिथे शस्त्रक्रियेने सांधा धुऊन काढण्यासाठी तासांचा हिशेब असतो. हे दोन आजार वेगळे कसे ओळखायचे, यावर 1999 साली बोस्टनच्या बालरुग्णालयातील मिनिंदर कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार कसोट्या मांडल्या. मूल पायावर अजिबात भार घेत नाही का, ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे साधारण 101.3 फॅरनहाइटच्या वर गेला आहे का, रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर आहेत का आणि ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, 40 च्या वर आहे का. चारही असतील तर पू असण्याची शक्यता 99 टक्क्यांच्या वर, तीन असतील तर 93, दोन असतील तर 40, एक असेल तर 3 आणि एकही नसेल तर 0.2 टक्क्यांहून कमी, असा त्यांचा हिशेब होता. 2004 साली त्याच गटाने नव्या रुग्णांवर पडताळणी केली तेव्हा चारही कसोट्या असताना हा आकडा 93 पर्यंत खाली आला. पुढे सीआरपी या रक्ततपासणीचीही त्यात भर पडली. डॉक्टरांनी हे सगळे आम्हाला कागदावर चार रेघा ओढून समजावले आणि वर सांगितले की हे आकडे हाताला आधार देतात, हात काढून घेत नाहीत. कागदावर सगळे ठीक असूनही मूल आजारी दिसत असेल तर त्यांनी मुलावरच विश्वास ठेवला असता.

आमच्या मुलाचा ताप 99.4 फॅरनहाइट होता आणि तो लंगडत का होईना, चालत होता. रक्ताचे निकाल यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी बाकावर बसून त्याच्या कपाळाला किती वेळा हात लावला याची गणती नाही. मधल्या वेळात सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी दुखऱ्या नसलेल्या बाजूवर ते थंड जेल लावले, तेव्हा "हा नाही, तो," असे त्याने त्यांना गंभीरपणे सांगितले. त्यांनीही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले की आधी चांगला बघितल्याशिवाय वाईट कसा कळणार. पडद्यावर उजव्या बाजूला हाडाच्या मानेला चिकटून एक बारीक रेघ दिसत होती. डाव्या बाजूला ती रेघ हाडापासून सुटून वर उचलली गेली होती आणि मध्ये काळोख होता, चंद्रकोरीसारखा. ते पाणी. पण बाईंनी तेव्हाच बजावले की पाणी आहे एवढेच हे यंत्र सांगते, ते पाणी आहे की पू हे सांगत नाही. संशय असला तर सुई घालून काढूनच पाहावे लागते. पेशी 9,800 आल्या, ईएसआर 18, सीआरपी नगण्य. सुईची गरज पडली नाही. मी तिथेच, सगळ्यांदेखत, रडले.

औषध म्हणून मिळाले ते विश्रांती आणि आयबुप्रोफेन. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत या औषधाने त्रासाचा काळ साडेचार दिवसांवरून दोन दिवसांवर आल्याचे दिसले होते. पण ते हातात देण्याआधी डॉक्टरांनी प्लेटलेट पाहिल्या आणि डेंग्यूची शंका पूर्ण फेडून घेतली, कारण पावसाळ्याच्या अखेरीला आपल्याकडे ताप आलेल्या मुलाला ते औषध आपल्या मनाने देणे रक्तस्रावाला आमंत्रण ठरू शकते. ही गोष्ट मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. अनेक घरांत फ्रिजच्या दारात गेल्या खेपेची अर्धी बाटली असते आणि मूल कण्हू लागले की आपला हात तिच्याकडे जातो. अॅस्पिरिन तर विषाणूजन्य आजारातून उठलेल्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊच नये.

मग सुरू झाले पाहत राहणे. दर सहा तासांनी ताप मोजायचा, 101 च्या वर गेला किंवा पाय टेकवणे पूर्ण थांबले तर रात्री-अपरात्रीही निघायचे, असे बजावलेले होते. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने आकडे लिहीत गेले. एकादशी आणि दुधाच्या हिशेबाच्या मध्ये 98.8, 99, 98.6. साडेचार वर्षांच्या मुलाला खाटेवर ठेवणे हे काम औषध देण्यापेक्षा अवघड होते आणि ते आईंनी पेलले. त्यांनी त्याच्यासमोर परात ठेवून तिच्यात हरभरे, मूग आणि चवळी मिसळली आणि निवडून वेगळी करायला लावली. त्याने तीन दिवस अतिशय निष्ठेने ती कडधान्ये वेगळी केली, आणि तो झोपल्यावर रोज रात्री त्या ती पुन्हा मिसळून ठेवत. जेवताना आमच्याकडे सगळे खाली बसतात. पहिल्या दोन दिवशी तो डावा पाय लांब करून बसला, कारण त्याला मांडी घालता येत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेल्या कोणत्याही आकड्यापेक्षा त्या ताटाशेजारी लांब पसरलेल्या पायाकडे माझे लक्ष जास्त असे.

चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला मी कपाळ पाहायला उठणार होते, तेवढ्यात झोपेत वळून त्याने डावा पाय नेहमीसारखा माझ्या पोटावर टाकला. इतके दिवस ज्या पायाला तो उशीवर जपून ठेवत होता, तो पूर्ण वजनानिशी माझ्या अंगावर पडला होता. मी त्याखालून हललेसुद्धा नाही. सकाळी तो ताटावर मांडी घालून बसला.

बहुतेक मुले आठवड्या-दोन आठवड्यांत अशीच बरी होतात, काहींना पुन्हा एखादा झटका येतो. तरीही डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी एक्स-रेसाठी बोलावले होते, आणि त्याचे कारण पर्थेसचा आजार. यात मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि माथा ठिसूळ होऊन चपटा होऊ लागतो. हाही बहुतकरून चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांना होतो, हाही लंगडण्याने सुरू होतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा काहीच दिसत नाही. 1910 साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस यांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर्णिला, म्हणून त्याला तिघांचेही नाव आहे. मूल खेळू लागले की फेरतपासणीला जाण्याचा कंटाळा येतो, रजा काढावी लागते, मिरजेची फेरी होते. पण लंगडणे रेंगाळले किंवा पुन्हा आले तर ती फेरी चुकवू नये, आणि आम्ही तर ते पूर्ण थांबले होते तरी गेलो.

त्या दिवशी बाहेर बरीच गर्दी होती. माझ्या शेजारी एक बाई तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगी तिच्या फ्रॉकच्या घेरात पाय मुडपून, डोळे मिटून पडली होती. माझ्या मुलाला धावताना पाहून त्यांनी विचारले की ह्याला काय झाले होते. मी सांगायला तोंड उघडले, पण त्याआधी विचारले, "ताई, हिला ताप आहे का?" त्या म्हणाल्या, काल रात्रीपासून 103 आहे, आणि सकाळपासून पाय खाली टेकवूच देत नाही, लंगोट बदलतानाही किंचाळते, आमचा नंबर सतरावा आहे. मी उठून काउंटरवरच्या सिस्टरांना जाऊन ते तसेच्या तसे सांगितले. सिस्टर हातातले काम टाकून आल्या, त्यांनी मुलीकडे पाहिले आणि दोघींना रांगेतून थेट आत नेले.

आमचा नंबर त्यानंतर तासाभराने लागला. एक्स-रे स्वच्छ होता. दोन्ही माथे सारखे गोल होते. पण त्या तासभरात मी भिंतीला डोके टेकून, डोळे मिटून बसले होते, आणि तो त्या लांब ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. फरशीवर दोन्ही पावले सारखी वाजत होती.